जिलेटीनचा हिरवा कागद

सारंग कुरुंदवाडे सरांनी दुकानात हिरवा जिलेटीन कागद मागितला, तेव्हा दिवाळी होऊन दोन-अडीच महिने उलटले होते आणि आकाशकंदील करायचं सरांचं वयही केव्हाच मागे पडलं होतं.

"प्रोजेक्ट आहे," कुणी न विचारताच त्यांनी सांगून टाकलं.

"असणारच," दुकानदार म्हणाला. "यंदा सगळ्यांचा हिरवाच प्रोजेक्ट आहे. लाल-पिवळ्याचा गठ्ठा तसाच पडलाय. त्यातला देऊ का स्वस्तात?"

"नको!" सर इतक्या जोरात म्हणाले, की शेजारी खोडरबर निवडणारी मुलगी दचकली.

प्रोजेक्ट त्यांच्याच दाराबाहेर होता. नावाच्या पाटीखाली, सुपारीएवढा. त्याला मनदिवा म्हणत.

घरातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलाने स्वतः मागितला, तरच तो दिवा बसवला जाई. मुलाच्या मनगटावर एक पट्टी असायची. झोप, नाडीची चाल आणि आवाजातला कंप यांवरून ती मनावरचं ओझं मोजायची. त्या मापाला मनोभार असं नाव होतं. मनात काय आहे ते पट्टीला कळत नसे, किती आहे एवढंच कळे. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे दमलंय. लाल म्हणजे कुणीतरी बेल वाजवा.

सुरुवातीला हा दिवा घरात बसवून पाहिला होता. आईबापांनी त्याच्यावर कॅलेंडर टांगलं. म्हणून तो दाराबाहेर आला, आणि प्रत्येक इमारतीत एका शेजाऱ्याला 'सोबती' म्हणून तयार केलं गेलं. सोबत्याने बेल वाजवायची, मुलाजवळ बसायचं, ऐकायचं, गरज दिसली तर समुपदेशकाशी गाठ घालून द्यायची. उपदेश करायचा नाही. प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ या शेवटच्या मुद्द्यावर गेला, असं मगदूम काकू सांगत. सरांच्या इमारतीच्या सोबती त्याच होत्या.

सांगलीतल्या त्या इमारतीत मग जे व्हायचं तेच झालं. सोसायटीचे सेक्रेटरी आरवाडे यांनी 'आमच्या हर्षचा महिनाभर हिरवा' म्हणून पेढे वाटले. एका एजंटाने फ्लॅटच्या जाहिरातीत लिहिलं, 'पूर्व-पश्चिम हवेशीर, संपूर्ण हिरवा मजला.'

आणि अशा मजल्यावर सरांच्या स्वरदाचा दिवा पिवळा झाला.

स्वरदा अकरावीत होती. हल्ली ती ताटावर बसायची आणि भाताचे डोंगर करून उठायची. सरांची बायको पल्लवी नोकरीसाठी पुण्याला, शनिवारी यायची. आठवडाभर घरात बापलेक दोघंच.

"काय झालंय?" सरांनी विचारलं.

"काही नाही."

"मग पिवळा का?"

स्वरदाने त्यांच्याकडे पाहिलं, बाही ओढून पट्टी झाकली आणि खोलीत गेली. पुढे बरेच दिवस सरांना आपला हा प्रश्न आठवला, की आंघोळ करतानासुद्धा ते डोळे घट्ट मिटून घेत.

पण त्या दिवशी ते दुकानात गेले. कागदाची दुहेरी घडी करून त्यांनी दिव्यावर इतक्या सफाईने चिकटवली, की पिवळा उजेड छान पोपटी दिसू लागला. जिन्यात आरवाडे भेटले.

"वा सर! आला का हिरवा? मी म्हटलंच होतं, पोरांचं काय मनावर घ्यायचं!"

सरांना इतकं बरं वाटलं, की जणू स्वरदाच बरी झाली. येताना तिच्यासाठी भडंगही आणलं. ते टेबलावर मऊ पडलं.

थोड्या दिवसांनी दिवा बंद दिसू लागला. सोसायटीच्या ग्रुपवर आरवाड्यांनी लिहिलं होतं, 'निकृष्ट दर्जाचे दिवे. आमचाही गेला. तक्रार केली आहे.' सरांनी त्याखाली सहमतीचा अंगठा टाकला.

सर खासगी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत. त्या संध्याकाळी प्रकाशाचा धडा होता. उरलेला जिलेटीन कागद त्यांनी टॉर्चवर गुंडाळला, खोलीत अंधार केला आणि टेबलावरच्या टोमॅटोवर हिरवा झोत टाकला.

"सर, टोमॅटो काळा पडला," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"नासला," मागून आवाज आला. "सर घरचाच घेऊन आलेत."

"काही नासलेला नाही," सर म्हणाले. "टोमॅटो फक्त लाल प्रकाश परत पाठवतो. आपण त्याला लाल दिलाच नाही. हिरवा कागद हिरवं तेवढं सोडतो, लाल गिळून टाकतो."

"पिवळं सर?"

"पिवळ्यात हिरवं मिसळलेलं असेल, तर तेवढं बाहेर येईल. हिरवट दिसेल."

"आणि लाल दिव्यावरच हा कागद लावला तर?"

"तर काही दिसणार नाही," सर वर्षानुवर्षांच्या सवयीने बोलत गेले. "दिवा आत चालू असेल. पूर्ण ताकदीने चालू असेल. पण बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की..."

वाक्य तिथेच राहिलं. अंधारात सरांनी टेबलावरचा टोमॅटो नकळत उचलला. मग ते तसेच दाराबाहेर पडले.

"सर, टोमॅटो!" मुलं ओरडली.

टोमॅटो हातात घेऊनच त्यांनी स्कूटर चालवली.

जिन्यात ते वर पाहत चढले. पहिल्या मजल्यावर एका दारावरचा दिवा बंद. दुसऱ्यावर समोरासमोरचे बंद. सगळे बंद दिवे जवळून पाहिले की तेच दिसत होतं: कागदाची नीटस घडी, चारी बाजूंनी चिकटपट्टी. आपल्या दारापाशी येऊन सरांनी नखाने कागद सोलला.

सगळा जिना लाल झाला.

दार उघडलं. स्वरदा उभी होती. तिने आधी दिव्याकडे पाहिलं, मग वडिलांच्या मुठीतल्या हिरव्या चुरगळ्याकडे.

"हा कागद कधीपासून होता, बाबा?"

"पिवळा होता तेव्हापासून. लाल झालेला मला कळलंच नाही. मला वाटलं, बिघडला."

"मी रोज बेलची वाट बघायचे," स्वरदा अगदी साध्या आवाजात म्हणाली. "पट्टीवर लालच दिसायचं, बाहेरच्या दिव्याकडे मी बघतच नव्हते. जिन्यात पावलं वाजायची. मला वाटायचं, सगळ्यांना दिसतंय आणि सगळे पुढे जातायत."

सरांनी टोमॅटो चपलांच्या मांडणीवर ठेवला.

"मला लाज वाटत होती," ते म्हणाले. "तुझी नाही... नाही, खरं सांगतो. तुझीच. आता माझी वाटते."

स्वरदा रडू लागली. सरांनी पुढे केलेला हात तिने धरला नाही, पण झटकलाही नाही.

खालून धापा टाकत मगदूम काकू आल्या. हाताला कणीक तशीच.

"अगं, लाल उजेड थेट माझ्या जिन्यापर्यंत आला! इतके दिवस बंद दिसायचा गं, मी म्हटलं बल्ब गेला असेल. चुकलंच माझं. तरी विचारायला हवं होतं." त्यांनी सरांकडे एकदा पाहिलं. उपदेश तोंडापर्यंत आलेला स्पष्ट दिसत होता. काकूंनी तो गिळला. "मी बसू का तुझ्याजवळ?"

स्वरदाने होकारार्थी मान हलवली. आत जाता जाता ती थांबली.

"बाबा, हर्षचा पण बंद आहे."

सर एक मजला चढले. हिरव्या घडीचा चुरगळा अजून मुठीत होता. आरवाड्यांच्या दारासमोर ते बराच वेळ उभे राहिले. परत फिरावंसंही वाटलं. मग त्यांनी बेल वाजवली.

आरवाडे दारात आले. "ओ सर, दिव्याचं ना? इलेक्ट्रिशियन उद्या येणार आहे."

"आरवाडे, दिवा चालू आहे," सर म्हणाले आणि मूठ उघडली. "माझाही चालू होता."

आरवाड्यांनी त्या चुरगळ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या दिव्याकडे पाहायचं टाळत ते फरशीकडे बघत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या; त्यांच्यावर कागद नव्हता.

आतल्या बंद खोलीतून हर्षचा आवाज आला. खूप दिवस न वापरलेला असावा तसा, खरखरीत.

"कोण आलंय, पप्पा? माझ्यासाठी आलंय का?"