हो, येतोय आवाज

गिऱ्हाइकाला ‘मला काही ऐकू येत नाही’ असं कधी म्हणायचं नाही, हे दादानं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. गाडी घेऊन आलेला माणूस आधीच धास्तावलेला असतो. आपण ‘हो, येतोय आवाज’ म्हणायचं आणि मग निवांत शोधायचं.

दादा माझा थोरला भाऊ. तीस वर्षं इंजिनांवर वाकून त्याचे कान गेले. गेली आठ वर्षं शेजारी पत्रा कोसळला तरी त्याला कळत नाही. समोरच्याच्या ओठांवरून तो बोलणं ओळखतो. त्यामुळे गॅरेजात भाऊ दोन आणि कानही दोनच, ते माझे. त्यांच्यावरच आमची चूल पेटते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक मास्तर राखाडी गाडी घेऊन आले. बोटांना खडूची पूड, डोळे सुजलेले.

“इंजिनातून किंचाळल्यासारखा आवाज येतो,” ते म्हणाले. “तीन मेकॅनिक झाले, कुणालाच येत नाही. बायको म्हणते, भास होतात तुम्हाला. तुम्हाला तरी येतोय ना?”

मी बॉनेट उघडून कान दिला. इंजिन अगदी सुरेख चालत होतं. पण मास्तरांचा चेहरा बघवेना.

“हो, येतोय आवाज,” मी म्हणालो.

आणि तो आला. बारीक, लांबलचक, न तुटणारा. ओल्या काचेवरून बोट ओढावं तसा.

मास्तरांनी डोळे मिटले. बाकावर बसले आणि बसल्या जागी लहान मुलासारखे झोपी गेले.

मी रीतसर सुरुवात केली. बेल्टवर पाणी शिंपडलं. बेल्ट घसरत असेल तर आवाज क्षणभर तरी बदलतो. बदलला नाही. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि टोक एकेका भागावर टेकवत गेलो. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, बेल्ट ताणणारी पुली. सगळीकडे आवाज सारखाच, ना जवळ ना लांब. शेवटी बेल्टच काढला आणि इंजिन अर्धा मिनिट चालवून पाहिलं. आवाज होताच. मग इंजिन बंद केलं. झरोक्यातून आलेल्या उन्हात धूळ संथपणे तरंगत होती, आणि आवाज होता.

मास्तर जागे झाले तेव्हा त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता. “गेला की हो!” म्हणत ते गाडी घेऊन गेले. आवाज माझ्याजवळ राहिला.

पुढचे दिवस मी पाण्याखाली राहिल्यासारखे काढले. माणसं तोंडं हलवायची, शब्द त्या किंचाळीत बुडून जायचे. मीही दादासारखं ओठांकडे बघायला लागलो. एकही गाडी मला ऐकून तपासता येईना. अखेर मास्तरांना फोन लावला आणि रिसीव्हर कानात रुतेल इतका दाबून धरला.

“तुम्हाला पहिल्यांदा कधी ऐकू आला, सर?”

“गाडी घ्यायला गेलो तेव्हा. आधीच्या मालकानं विचारलं, आवाज येतोय ना? नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून मी हो म्हणालो.” मग म्हणाले, “मला माफ करा.”

त्या दिवशी मी कानाला खडा लावला. हे कुणालाही विचारायचं नाही, घरात तर नाहीच.

मी विचारलं नाही, हे खरं आहे.

आठव्या दिवशी दुपारी दादानं मला कान दाबून बसलेलं पाहिलं. चिंधीला हात पुसत तो जवळ आला.

“जेवत नाहीस, झोपत नाहीस. कसला आवाज येतो का रे?”

मी होकारार्थी मान हलवली.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेल्या त्या समजुतीच्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघितलं.

“एवढं काय घाबरायचं? मलाही येतोय आवाज.”

वाक्य पुरं व्हायच्या आत मला त्याचं तोंड दाबता आलं असतं. मी दाबलं नाही.

नळ ठिबकत होता. पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या. किती गोड होतं ते सगळं!

दादानं मान तिरकी केली. “अरे,” तो म्हणाला. “अरे, मला ऐकू येतंय!” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीला हाका मारत तो घराकडे धावला.

दोन दिवस तो हसत होता. तिसऱ्या दिवसापासून त्यानं जेवण सोडलं.

आज सकाळी मी एका इंजिनावर वाकलो होतो. तो समोर येऊन उभा राहिला.

“तुलाही येतोय ना रे?”

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मी ओठ मिटले आणि बॉनेटखाली आणखी खाली वाकलो.

इंजिन अगदी सुरेख चालत होतं.