झोपलेला रस

आन्सेल्मला लाकडी हौदातून बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मिशीला द्राक्षाची सालं चिकटलेली होती.

"गॅसनं गेला," धाकटा भाऊ गास्पार म्हणाला. "रस फसफसला की हौदात गॅस साचतो. दोन श्वासांत माणूस आडवा. म्हणून उतरायच्या आधी आत मेणबत्ती सोडतात. विझली, तर उतरायचं नाही. मेणबत्ती धरायचं काम हिचं. आणि ही झोपून राहिली!"

आन्सेल्मची पोरगी क्लोतिल्द भिंतीला टेकून उभी होती. घर सोडून जायला तिचं सामान बांधून झालं होतं. "मीच मारलं बाबांना," ती सकाळपासून एवढंच म्हणत होती.

फौजदार ओदील वाकली. प्रेताच्या मानेवर मागच्या बाजूला गोल काळानिळा डाग.

"हा कशाचा?"

"हौदाची कड लागली असेल."

"बाहेर कोणी काढलं?"

"मीच उतरलो. खांद्यावर घेऊन वर आणला."

"एकट्यानं?"

"मग? ही तर घोरत होती!"

क्लोतिल्दनं कानांवर हात दाबले.

ओदीलनं हौदातल्या रसात बोट बुडवून चाटलं. गारेगार. गोडमिट्ट. रंग फिकट गुलाबी. पुराव्याला तिनं बाटलीभर रस काढून घेतला.

"पोरी, बाबा आत कशाला उतरणार होते?"

"यंदा द्राक्षं फार थंडीत तोडली. रस जागाच होईना. अंगाच्या उबेनं त्याला जागं करू म्हणाले."

"आणि हा मळा?"

"माझ्या नावावर करणार होते. आता काकांनीच सांभाळावा. मी इथे पाऊल टाकणार नाही."

ओदील गास्पारकडे वळली. "तुम्ही तळघरात किती वेळा येता?"

"मी वेलींचा माणूस. वाईन बघायचा तो."

"तिथेच फसलात. ही पिनो जातीची द्राक्षं थंड हवेतच पिकतात, पण इतकी गार घरात आली की रस दिवसेंदिवस झोपून राहतो. यात अजून फेस नाही, नुसतं सरबत आहे. फेस नाही तर गॅस कुठला? आणि गॅस असता, तर उतरल्यावर तुम्हीही तिथेच पडला असता."

तिनं कोपऱ्यातला सालं दाबायचा दांडा उचलला. त्याची गोल टाच मानेवरच्या डागावर तंतोतंत बसली.

"वरून मान दाबून भावाला बुडवलंत. पण तेवढ्यानं मळा हिलाच मिळाला असता. म्हणून दोष हिच्या गळ्यात बांधलात. ही आपण होऊन निघून जावी म्हणून."

गास्पार हसला. "जातच होती की. अजून एक दिवस, बस्स."

"काका, मी बाबांना मारलं नाही?"

"नाही गं. पण रडलीस मात्र झकास!"

दारातल्या हवालदारानं त्याला बेड्या घातल्या. क्लोतिल्द शांतपणे हौदाशी गेली, वाकली आणि बूच उपटलं. अख्ख्या वर्षाचा रस फरशीवरून गटाराकडे धावला.

भावाला मारूनही हसणारा गास्पार गुडघ्यांवर कोसळला. "अगं नको! माझ्या वेलींचा रस आहे तो! पाया पडतो तुझ्या!"

"पडा ना," ती म्हणाली, आणि हौद रिकामा होईपर्यंत बूच हातात घेऊन बघत राहिली.