पिठीचा सुळा

किन्हवली मागे पडली, आणि शेजारच्या माणसाच्या मांडीवरची पिशवी रडली.

योगिनीला आधी भासच वाटला. शहापूरहून मुरबाडकडे निघालेल्या त्या जीपमध्ये अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि एक रांगतं पोर होतं. रडणारं कुणीही असू शकत होतं. पण पिशवी पुन्हा रडली — बारीक, घशातल्या घशात — आणि ती धरून बसलेल्या तरुणाने खाली वाकून हळूच समजावलं, "आलंच मुरबाड... जरा कळ काढ."

पिशवीच्या तोंडाशी टॉवेल होता. टॉवेलाच्या फटीतून एक पांढरं, मळकटलेलं डोकं दिसत होतं, आणि हनुवटीवरून खाली ओघळणारी लाळेची तार.

समोरच्या बाईनेही ती तार पाहिली. मांजर पिसाळलंय, असं तिने मोठ्याने सांगितलं मात्र, सगळ्या जीपने पाय वर घेतले. ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन तरुणाला उतरायला सांगितलं. तो भांडला नाही. कोणाला चावलं नाही, ओरबाडलं नाही, फक्त खात नाही म्हणून मुरबाडच्या जनावरांच्या दवाखान्यात नेतोय, एवढं त्याने शांतपणे दोनदा सांगितलं. कोणी ऐकेना, तेव्हा पिशवी छातीशी धरून तो खाली उतरला.

त्याच्या मागोमाग योगिनीही उतरली. जीप धूळ उडवत निघून गेली.

"तुमी कशाला उतरल्या?" त्याने गोंधळून विचारलं.

"दवाखान्यात डॉक्टरच नसेल तर तुम्ही मांजर नेऊन काय करणार?"

त्याचा चेहरा पडला. "डॉक्टर नाय का आज?"

"आहे ना. तुमच्यासमोर उभी आहे."

तो बघतच राहिला. मग खांद्यावरून घसरलेला शर्ट त्याने उगाचच नीट केला.

योगिनी वैशाखरे गावच्या अनंताची थोरली मुलगी. परळच्या कॉलेजातून जनावरांची डॉक्टर होऊन परत आलेली गावातली पहिलीच. दोन हजार तीन साल होतं ते. मुरबाडच्या दवाखान्यात तिला दीड वर्ष झालं होतं. अडलेल्या म्हशी, लंगडे बैल तिने बरे केले होते, तरी पहिल्यांदा येणारा माणूस अजून तिच्या मागे बघून विचारायचा, 'डॉक्टर कुठंयत?' त्याची तिला सवय झाली होती. राग मात्र दर वेळी नवा यायचा.

भाताच्या झोडणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खळ्यांवरून पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास येत होता. तिने बॅगेतून हातमोजे काढून घातले, मांजरीला टॉवेलात घट्ट गुंडाळायला लावलं आणि विचारलं, कधीपासून?

"पंधरा दिस झाले," तो म्हणाला. "पयलं डावीकडनं चावायची बंद झाली. मग बोंबलाचं डोकं तोंडात घ्यायची न् टाकून द्यायची. मग अंग चाटायचं सोडलं. पिठी कधी मळकी नसते... अंग चाटत नाय म्हंजे तोंडात कायतरी दुखतंय, असं मला वाटलं."

योगिनीने मान वर केली. जनावर आडवं पडलं की माणसं तिच्याकडे धावत यायची आणि म्हणायची, सकाळपर्यंत चांगलं होतं. मांजर कुठल्या बाजूने चावते हे सांगणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता.

"तुम्ही काम काय करता?"

"रेल्वेत. चावीवाला."

त्याचं नाव रविंद्र. खर्डीजवळच्या पाड्यावर घर. रोज सकाळी कसाऱ्याच्या बाजूला आपल्या हद्दीतला रूळ तो पायी चालायचा, खांद्यावर हातोडा घेऊन, रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी एकेक चावी तपासत. ढिली दिसली की ठोकायची. "एक जरी नजरेतून सुटली तर चालत नाय," असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याची पाठ आपसूक ताठ झाली. पिठीही त्याला तिथेच सापडली होती, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, रुळामधल्या खडीत. मुठीएवढी होती.

तिने मांजरीचा ओठ वर केला. डावा वरचा सुळा मोडला होता, हिरडी लाल होऊन सुजली होती आणि पू दिसत होता. वास तर हातभर लांबूनही येत होता.

"पिसाळलेली वाटत नाही. सुळा सडलाय," ती म्हणाली. "तरी दहा दिवस माझ्याकडे पिंजऱ्यात राहील. माझी खात्री आहे. पण मी नियमही पाळते."

पुढे एका पेंढ्याच्या ट्रॅक्टरने त्यांना घेतलं. पेंढ्यावर बसून, मध्ये पिशवी ठेवून दोघं मुरबाडला आले. उतरताना तो घुटमळला. "डॉक्टर... तुमच्या केसात—" त्याने बोट दाखवलं आणि लगेच मागे घेतलं. तिने केसातली काडी काढली. दवाखान्याचे शिपाई असलेल्या धर्माकाकांनी तिला कपड्यांना पेंढा लागलेला, हसत येताना पाहिलं आणि पाणी तापत ठेवलं.

भूल देऊन सुळा काढायला पाऊण तास लागला. मांजरीच्या सुळ्याचं मूळ दिसतं त्याहून खूप लांब असतं. कानामागे दोन गोल, केस गेलेले चट्टेही तिला सापडले. नायटा. शेजाऱ्यांनी त्यावर रॉकेल लावायला सांगितलं होतं, हे ऐकून ती भडकलीच. मांजर अंग चाटते, लावलेलं सगळं पोटात जातं. रॉकेल नाही की माणसांची उवांची पावडर नाही, असं तिने दम देऊन सांगितलं. बोलणी खाताना रविंद्रच्या डोळ्यांत हसू होतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

त्या दहा दिवसांत तो दोनदा येऊन गेला. काटे काढून, शिजवून, कुस्करलेला मासा डब्यात घेऊन. पिठी चौथ्या दिवशी खायला लागली, सातव्या दिवशी तिने अंग चाटलं. अकराव्या दिवशी तिला न्यायला आला तेव्हा मात्र तो नुसताच दारात उभा राहिला. जीपमधली बातमी त्याच्या पाड्यापर्यंत पोचली होती. बहिणीच्या लहान मुलीच्या दंडावर गोल चट्टा उठला होता. पिसाळलेलं मांजर घरात आणलंस तर बघ, असं लोकांनी बजावलं होतं, आणि आईनेही पिठीला घाटात सोडून ये म्हणून सांगितलं होतं.

"तुम्ही काय ठरवलंत?" योगिनीने विचारलं.

"सोडनार नाय. पर आईला कसं समजावू..."

"चला. मी येते."

पाड्यावर अंगणात वीसेक माणसं जमली. कमळाकर नावाचा एक जण काठी घेऊनच आला होता. बाईमाणसाने गाई-म्हशींचं बघावं तेच खूप, मांजरीच्या तोंडातलं तिला काय कळतंय, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. रविंद्र पुढे सरसावला, पण योगिनीने हातानेच त्याला थांबवलं.

तिने अंगणात पिशवी उघडली. पिठी बाहेर आली, आळस देऊन वाटीतलं पाणी प्यायली, मग दूधभात चाटूनपुसून खाल्ला. ती खाऊन तृप्त झाल्यावर योगिनीने तिला मांडीवर घेतलं आणि हातमोजे न घालता, उघड्या बोटांनी तिचा जबडा उघडून सुळ्याची रिकामी, भरत आलेली जागा एकेकाला बोलावून दाखवली. पिसाळलेलं जनावर दहा दिवस असं खातपीत नाही, हे तिने समजावलं. लहानीच्या दंडावर आहे तो नायटा, मांजरीला आहे तसाच; सरकारी दवाखान्यातून मलम आणा, मांजरीचं अंथरूण उकळत्या पाण्यात घाला, हात लावला की साबणाने धुवा आणि महिनाभर पोरांना तिला जवळ घेऊ देऊ नका. एवढंच.

"आन उद्या काय झालं तर?" कमळाकरने विचारलं.

इतका वेळ पुस्तकातलं मराठी बोलणारी योगिनी उभी राहिली. "मी वैशाखऱ्याच्या अनंताची पोर. आमी पन भात लावनारेच हाव, पलून जानार नाय. काय झालं तर मला हितंच उभी करा."

रविंद्रची आई, बाईजा, पुढे आली. तिने वाकून पिठीच्या तोंडात स्वतः पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग कमळाकरला म्हणाली, "काठी खाली ठेव. डॉक्टरीन बोलली ते ऐकलंस ना."

योगिनीने बॅग आवरताना वर बघितलं. रविंद्र तिच्याकडे बघत होता. पदवी घेऊन आली तेव्हा गावाने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं होतं. पण ही नजर आत्ता, या अंगणात तिने जे केलं त्यासाठी होती. तिचे कान गरम झाले.

त्यानंतर पिठीच्या तक्रारी वाढल्या. म्हणजे वाढल्या असं रविंद्रचं म्हणणं. आधी चट्टे दाखवायला आला, ते खरंच दाखवायला हवे होते. मग कानात काळी घाण दिसली, तिने औषध घातलं. मग दोन पिसवा. मग एकदा तो खर्डीहून तीन गाड्या बदलून आला आणि त्याने पिठीची हनुवटी वर केली. बारीक काळे दाणे होते.

"प्लास्टिकच्या वाटीत खाते का?"

"हां."

"स्टीलची द्या. कोमट पाण्याने पुसा. बस." तिने हसू दाबलं. "एवढ्यासाठी रजा काढलीत?"

"एवढ्यासाठी... नाय."

धर्माकाका खोकत बाहेर गेले. दोघंही पिठीकडे बघत राहिली. मग पेशंट आला.

त्यानंतर तो आलाच नाही. एक आठवडा, तीन आठवडे. योगिनी दारात पिशवीवाला कोणी दिसला की बघायची. शेवटी धर्माकाकांनीच कबूल केलं — कल्याणच्या एका डॉक्टरचं स्थळ तिला आलंय, हे मागच्या वेळी बोलता बोलता त्यांच्याच तोंडून त्याला कळलं होतं. ते स्थळ तिने केव्हाच नाकारलं होतं. तेवढं मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती खर्डी स्टेशनात जाऊन उभी राहिली. फलाट संपतो तिथे, उतारावर. साडेनऊच्या सुमारास रुळाच्या कडेने तो येताना दिसला. खांद्यावर हातोडा, मान खाली, नजर एकेका चावीवरून पुढे सरकणारी. मध्येच थांबला, वाकला, दोन घाव घातले, हाताने चाचपलं आणि पुन्हा चालू लागला. मागून गाडीची शिट्टी झाली. तो बाजूला झाला, हातातलं हिरवं निशाण उघडून ताठ उभा राहिला, आणि सगळी गाडी धडधडत त्याने तपासलेल्या रुळावरून निघून गेली. त्या डब्यांतल्या एकालाही तो ठाऊक नव्हता. योगिनीचा ऊर भरून आला. हा आपला माणूस आहे, असं ओरडून सांगावंसं तिला वाटलं.

त्याने वर पाहिलं आणि जागच्या जागी थबकला.

"पिठी कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी हाय."

"मग आला नाहीत?"

"बरी हाय म्हनून."

"ती आजारी नसेल तर माझ्याकडे यायचंच नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

तो हातोड्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिला. "मी आयटीआय केलेला मानूस, डॉक्टर. तुमच्याकडं... कुठल्या तोंडानं मागू?"

"ज्या तोंडाने त्या दिवशी म्हणालात, एक चावी नजरेतून सुटली तर चालत नाही." तिचा आवाज कापला, पण नजर हलली नाही. "मी सुटले ना तुमच्या नजरेतून. मी कधीची इथेच आहे. कल्याणच्या स्थळाला मी नकार कळवलाय."

त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मग हसला — इतकं उघडं हसू तिने त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. "रविवारी येतो," तो म्हणाला. "मुरबाडला नाय. वैशाखऱ्याला."

रविवारी तो आला. अनंताने त्याला पडवीत बसवलं, पाणी दिलं आणि काम काय करतोस ते विचारलं. उत्तर ऐकून अनंताने तांब्या बाजूला सरकवला. मुलीसाठी त्याने मनात डॉक्टर जावई धरला होता. योगिनी बोलायला पुढे झाली, तेवढ्यात रविंद्रनेच सुरुवात केली.

"बाबा, मी तिच्याएवढा शिकलेला नाय. ती चार मानसांत उभी राहून बोलते तेवा मी बाजूला उभा असतो. मला त्यात कमीपना वाटत नाय, छाती फुगते माझी. आन माझ्या कामाचीबी मला लाज नाय. माझ्या हद्दीत आजवर एक गाडी थांबली नाय."

अनंताने लेकीकडे पाहिलं. "तुला गो?"

"मी ह्यांना काम करताना बघून आले, बाबा. तुमीबी एकदा बघा."

अनंता बराच वेळ विड्याचं पान पुसत बसला. मग आत हाक मारून त्याने एक ताट जास्त वाढायला सांगितलं.

जेवणं झाल्यावर तो स्वतः रविंद्रला एसटीपर्यंत सोडायला निघाला. योगिनी दोन पावलं मागे होती. नाक्यावर कोणीतरी विचारलं, पावणे कुठले? अनंता थांबला. "खर्डीचे. आमचे जावई," तो म्हणाला, आणि जरा आवाज चढवून, "घाटात गाड्या ह्यांच्या भरवशावर चालतात."

माळशेजकडून एसटी आली. रविंद्र चढला, खिडकीशी बसला. योगिनी खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"पोचलास की फोन कर," ती म्हणाली.

त्याने खिडकीतून जवळजवळ अर्धं अंग बाहेर काढलं. "काय म्हनालात?"

"पोचलास की, म्हणाले."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळणापर्यंत गेली तरी तो अजून बाहेर वाकून बघत होता, आणि योगिनी वडिलांच्या शेजारी, सगळ्या नाक्यादेखत, हात उंच करून उभी होती.