तडकलेल्या इंजिनाचं गौडबंगाल

"हे बघा! नीट बघा! तडा!"

गोटीराम मिस्त्रीने हातातला पाना इंजिनाच्या ब्लॉकवर असा काही आपटला, की दिशाने दोन्ही कानांवर हात ठेवले. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं लोखंडी धड. त्यात चार मोठी भोकं होती, पिस्टन वरखाली पळतात ती. त्यांच्या भोवताली पाणी फिरायची लहान भोकं. आणि दोन मोठ्या भोकांच्या मधोमध एक बारीक काळी रेघ! गोटीरामने तिच्याभोवती खडूने गोल काढून ठेवला होता.

"गरम इंजिनात गार पाणी ओतलं कुणीतरी," तो सावकाश म्हणाला. "मग लोखंड तरी काय करील? तडकणारच!"

मामांनी मान वळवली. ज्ञानेशने वळवली. अकरा वर्षांच्या दिशानेसुद्धा वळवली. सगळ्यांच्या नजरा सायलीवर!

सायली मनमाडची. सुट्टीत मातोरीला मामांकडे आली होती. ज्ञानेश आणि दिशा ही मामांची मुलं. मागच्या आठवड्यात पेठहून येताना सावळघाटात जीप उकळली. रबरी पाइप फुटला होता. मामांनी त्याला चिंधी गुंडाळली, झाकण उघडून वाफ जाऊ दिली, आणि फोनला रेंज शोधत ते वर चढून गेले. सायलीला वाटलं, आपण तेवढ्यात मदत करावी. तिने झऱ्याचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं आणि ओतलं. झालं! जीप जी बंद पडली, ती दोरी बांधूनच खाली आणावी लागली.

"खर्च किती?" मामांनी विचारलं.

गोटीराम बोटांवर मोजायला लागला. "ब्लॉक मिळतच नाय. मिळाला तर साठ हजार. चार पिस्टन, चार लायनर, रिंगा, पंचवीस धरा. क्रँक घासायचा, बेअरिंगा टाकायच्या, ऑइल पंप, गॅसकेटचा संच, वर मजुरी. सव्वा लाखाच्या खाली येत नाय, योगेशभाऊ! एवढी गाडीचीच किंमत नाय!"

"मग?"

"मग काय? भंगार! माझ्याकडं टाका. तुमच्याकडं बघून पस्तीस हजार देतो. उद्या बाबांची सही घेऊन या."

मामांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ती साधीसुधी जीप नव्हती. आजोबांनी ती लिलावातून आणली होती. नाल्यापलीकडच्या झेंडूच्या रानात पावसाळ्यात दुसरी कुठली गाडी जातच नसे. चारही चाकांना जोर देणारी ती एकटीच! ती गेली, की फुलं चिखलात कुजणार.

सायलीला रडू येत होतं, पण या लोकांसमोर रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ती खाली वाकून त्या तड्याकडे बघत राहिली. नकळत तिचं बोट पाण्याच्या एका भोकात गेलं.

"ए पोरी! हात काढ!" गोटीराम एवढ्या जोरात ओरडला, की ती मागे सरकली. "एवढं नुकसान करून पोट नाय भरलं का?"

तिच्या बोटाला हिरवट चिकट डाग लागला होता. तिने तो ओढणीला पुसला.

घरी तर कडेलोटच झाला. मामी स्वभावाने वाईट नव्हती, पण त्या दिवशी तिच्या जिभेला धार आली होती.

"पाहुणी आली सुट्टीला, नि गाडीच घालवून बसली! तुझ्या आईला काय सांगू मी?"

"सांगा की, तुमच्या जीपला पाणी पाजलं म्हणून!" सायलीच्या तोंडून निघून गेलं.

"बघा, बघा! वर तोंड करून बोलते! नुसती बसू नको, हा हीटरचा रॉड घास. त्या बोअरच्या पाण्याने मेला दर महिन्याला पांढरा होतो."

सायली न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून घासू लागली. रॉडवर जाडजूड पांढरा थर होता, खडूसारखा. मामीने अर्धं लिंबू दिलं होतं. ते चोळलं की थर फसफसायचा, बारीक बुडबुडे यायचे. ती रागारागाने चोळत होती. प्रत्येक घासणीला तिला गोटीरामचं तोंड दिसत होतं.

आणि मध्येच तिचा हात थांबला.

"दिशा! जीपमध्ये पाणी कुठलं भरतात गं?"

"आपल्या बोअरचंच की. दुसरं कुठलं?"

"नेहमी?"

"नेहमी! पप्पा म्हणतात, पाण्याऐवजी ते रंगीत कूलंट शहरातल्या श्रीमंतांनी भरावं."

सायली ताडकन उठली आणि अंगणात धावली. ज्ञानेश भिंतीवर चेंडू आपटत होता. घाटातून आल्यापासून तो तिच्याशी बोललाच नव्हता.

"ज्ञान्या, घाटात फुटलेला तो रबरी पाइप कुठंय?"

"तुला काय करायचंय? आता त्याचंही वाटोळं करायचंय का?"

"सांगतोस का नाही?"

"नाय सांगत! तुझ्यामुळं आजोबा दोन दिवस जेवले नाहीत, माहिताय?"

हे मात्र तिला लागलं. तरी ती हटली नाही. "आजोबांसाठीच विचारतेय, मूर्खा! दाखव तो पाइप. मी चुकले असेन तर उद्याच्या गाडीने मनमाडला निघून जाईन. मग घाल गोंधळ एकटाच!"

ही अट ज्ञानेशला फारच आवडली. त्याने पडवीतल्या पोत्यातून पाइप उपसला आणि तिच्या पायाशी फेकला. सायलीने तो उन्हात धरला. आतून तो पांढराफटक होता! जागोजागी खडूचे पापुद्रे. तिने त्यावर लिंबू पिळलं. फस्स!

"यात काय मोठं?" ज्ञानेश गुरगुरला. "बोअरचं पाणी फिरलं, थर बसला."

"मग इंजिनाच्या ब्लॉकमध्येही तेच पाणी फिरलं ना? तिथल्या भोकात मी बोट घातलं होतं. पांढरं काहीच नव्हतं! हिरवा डाग होता. कूलंटचा!"

ज्ञानेशने पाइप उचलून आत डोकावून पाहिलं.

"म्हणजे तो तडकलेला ब्लॉक..."

"आपला नाहीच!"

तिघं मामांना सांगायला गेली, तर ते फुलांचे क्रेट मोजत होते. "पप्पा, तो ब्लॉक..." एवढंच ज्ञानेश बोलला असेल.

"जीपचं नाव काढायचं नाय या घरात!" मामा गरजले. "आणि सायली, तू तर त्या गाडीच्या सावलीलाही उभी राहू नको!"

तिघंही मागे फिरली. सायलीचे कान लाल झाले होते.

"मोठी माणसं ऐकत नाहीत," ती म्हणाली, "तर मग दाखवायलाच लागेल."

दुसऱ्या दिवशी मामा निघायच्या आतच दोन सायकली पेठ रोडला लागल्या. ज्ञानेशच्या मागे दिशा बसली होती आणि सारख्या सूचना देत होती. "हळू! खड्डा! डावीकडं! अरे, माणूस हायस का बैल?"

"उतर आणि चाल!"

गॅरेजसमोर एक चकचकीत काळी गाडी उभी होती. तिघं सायकली टाकून टायरच्या ढिगाआड दडली. काळा चष्मा लावलेला एक माणूस त्यांच्या जीपभोवती कौतुकाने फेऱ्या मारत होता. होय, त्यांच्याच! आणि गोटीरामचा आवाज आज साखरेत घोळल्यासारखा झाला होता.

"साहेब, असली फोर-व्हील आता बनत नाय! इंजिन एकदम कडक हाय. वरच्या झाकणाची, हेडची गॅसकेट तेवढी जळालीय. ती टाकली, रिंगा बदलल्या, की कुठल्याबी डोंगरावर चढवा!"

ज्ञानेशच्या मुठी वळल्या. "काल भंगार, आज कडक? थांब, याला..."

"गप!" सायलीने त्याचा शर्ट ओढला. "आधी आपला ब्लॉक शोधू."

गॅरेजच्या मागे मोडक्या दरवाज्यांचा आणि सडक्या बोनेटांचा ढीग होता. कोपऱ्यात निळी ताडपत्री पांघरलेलं काहीतरी बसलं होतं. ज्ञानेशने ताडपत्री ओढली. लोखंडी धड! चार मोठी भोकं, आणि भोवतालची सगळी लहान भोकं पांढऱ्या थराने अर्धी बुजलेली! तडा मात्र कुठेच नाही. सायलीने वरून, खालून, कडेने पाहिलं. एक ओरखडासुद्धा नाही!

तिच्या छातीवरचा दगड उतरला. ती हसणार, तेवढ्यात ज्ञानेशची मानगूट मागून कुणीतरी पकडली.

"चोर! चोर!" गोटीरामच होता तो. "माझ्या वाड्यात घुसता? पोलिसांच्या ताब्यात देतो एकेकाला!"

"सोड त्याला!" दिशा त्याच्या कोपराला लोंबकळली. ओढाताण करत सगळी वरात पुढच्या अंगणात आली, आणि नेमक्या त्याच वेळी रिक्षातून मामा उतरले. मागोमाग काठी टेकत आजोबा. जीप त्यांच्या नावावर होती, म्हणून सहीला आणलं होतं.

"योगेशभाऊ, ही बघा तुमची पोरं! सामान चोरत होती!"

मामांचा संताप अनावर झाला. "सायली! पुन्हा तूच? तुला काल बजावलं होतं ना!" त्यांचा हात वर गेला.

सायली हलली नाही. "मारायचं तर मारा, मामा. पण आधी एकदा मागे येऊन बघा. आपला ब्लॉक तिथं ताडपत्रीखाली आहे, आणि तो तडकलेला नाही!"

"काय बरळते ही पोरगी!" गोटीराम हसला, पण ते हसू काही जमलं नाही. "मागं पडलाय तो कुणाचातरी जुना हाय. तुमचा हा, पुढं. तडा दिसतोय की!"

सायलीने इकडेतिकडे पाहिलं. शटरला काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू-मिरची लटकत होतं, आजच बांधलेलं. तिने उडी मारली आणि लिंबू ओढून घेतलं.

"अगं ए! नजरेचं हाय ते!" गोटीराम किंचाळला.

"मग नजर काढूच की!"

दिशाने दाताने लिंबू फोडलं आणि तोंड वाकडं केलं. सायलीने अर्धं लिंबू पुढच्या ब्लॉकच्या भोकांत पिळलं. काही नाही. रस नुसता ओघळला, जरा हिरवट होऊन. मग ती तरातरा मागे गेली. सगळे तिच्यामागे. उरलेलं अर्धं तिने पांढऱ्या थरावर पिळलं. फस्स! बुडबुडेच बुडबुडे!

"मामा, मामीचा हीटर असाच फसफसतो. बोअरच्या पाण्याचा थर आहे हा. आपल्या जीपमध्ये दुसरं पाणी कधी घातलंत का तुम्ही?"

मामांचा वर गेलेला हात केव्हाच खाली आला होता.

"कुणाच्याबी इंजिनात बोअरचं पाणी असतं!" गोटीराम तणतणला. "म्हणून काय ते तुमचं होतं का? म्हणे लिंबू!"

तेव्हा आजोबा बोलले. घाटातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"योगेश, गाडीच्या कागदावर इंजिनाचा नंबर असतो. वाच."

मामांनी सहीसाठी आणलेलं आरसी बुक उघडलं. ज्ञानेशने ब्लॉकच्या कडेचं ग्रीस बोटाने पुसलं. आकडे वर आले. मामा एकेक आकडा वाचत होते, ज्ञानेश एकेकावर बोट ठेवत होता. शेवटच्या आकड्याला मामांचा आवाज चढला. तंतोतंत तोच!

"काल पुढच्याचा नंबर तूही पाहिला नाहीस," आजोबा मामांना म्हणाले. "राग डोक्यात असला की माणूस पोरीकडं बघतो, नंबराकडं नाय."

तेवढ्यात दिशा पुढच्या अंगणात काळ्या चष्म्याजवळ जाऊन पोचली होती. "काका, तुम्ही कुठली जीप घेताय हो?"

"ही काय, समोरची! दोन लाख ठरलेत. पाच हजार टोकनही दिलंय!"

आता गोटीरामला पळायला वाटच उरली नाही. चष्मेवाला टोकन परत मागत त्याच्या एका अंगाला, मामा दुसऱ्या अंगाला. आणि मामांचा आवाज! घाटात ऐकू गेला असता. मग मामा फोन काढून पोलिसांना बोलावू लागले, तेव्हा गोटीराम हातापाया पडला. पण मामांनी फोन ठेवला नाही.

टेम्पोत चढवून जीप सातपूरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. तो फार बोलत नसे. त्याने ब्लॉक बघितला, हेड बघितलं आणि सांगितलं, "हेडला फेस मारू, म्हणजे घासून सपाट करू, गॅसकेट टाकू, रिंगा-बेअरिंगा नवीन. रेडिएटर बदला, तो पार बुजलाय. चाळीस हजारांत बसेल."

"आणि ते गार पाणी?" सायलीने धीर करून विचारलं.

"उकळत्या इंजिनात ओतू नये, बाळा. ती चूकच. पण गाडी त्याने नाय गेली. ती उकळली या थरामुळं. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी कुणी भरलं हिच्यात?"

मामा छताचा पंखा बघू लागले. ज्ञानेश त्यांच्याकडे बघून खुदकन हसला आणि त्याला एक टपली बसली.

आठ-दहा दिवसांनी जीप धडधडत अंगणात आली. मामीने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. आजोबांनी सायलीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीनं माझी गाडी राखली," ते म्हणाले आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले. ज्ञानेशने आपली बॅट तिला पहिल्यांदा दिली, पण "एकच ओव्हर!" असं बजावून.

मामा मात्र सायलीला टाळत होते. तीही त्यांच्यासमोर जात नव्हती. तो उगारलेला हात तिच्या डोळ्यांपुढून गेला नव्हता, आणि "जाऊ दे" म्हणायची तिची तयारीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे फुलांची खेप निघायची होती. मामांनी बोनेट उघडलं आणि हाक मारली, "सायली!"

ती आली आणि जरा लांबच उभी राहिली. "सावलीलाही उभं राहायचं नाही ना?"

मामांनी मान खाली घातली. "चुकलो मी, पोरी. गाडी मीच घालवली आणि हात तुझ्यावर उगारला." त्यांनी हिरव्या कूलंटचा कॅन तिच्यापुढे धरला. "हे वरचं थोडं भरायचंय. तूच ओत."

सायलीने कॅन घेतला. मग पुढे होऊन तिने आधी रेडिएटरला हात लावून बघितला. गार होता.

"आता ठीक आहे," ती म्हणाली आणि ओतायला लागली.