कोपऱ्यातली तारीख

"रविवारी सकाळी हार घरातच होता. हा पुरावा." वॉरेननं बोटाच्या पेराएवढं मेमरी कार्ड टेबलावर ठेवलं.

उपनिरीक्षक नम्रता परबनं ते उचललं नाही. आधी खोली पाहिली. गिरगावातल्या जुन्या लाकडी घराची बैठक. कोनाड्यात मारियामाउलीची मूर्ती, गळा रिकामा. भिंतीवर त्याच मूर्तीचे फ्रेम केलेले फोटो. प्रत्येकात गळ्यात सोन्याचा हार, कोपऱ्यात तारखेचे नारिंगी आकडे, बऱ्याच फोटोंत तेच.

दाराशी शेवंती उभी होती. घरकामाला येणारी. रविवारी घरात ती आणि घरमालकीण मेबल, तिसरं कुणी नव्हतं. सोमवारी कपाटात हार नव्हता.

"हार कधी घालता, मेबल आंटी?"

"गल्लीतल्या क्रुसाच्या सणाला. वर्षातून एकदाच. यंदा शुक्रवारी होता. हार घालते, फोटो काढते, हार परत कपाटात. पास्कल गेला तरी मी मोडलं नाही." पास्कल तिचा नवरा. कॅमेरा त्याचाच.

"मग रविवारी परत का घातला?"

म्हातारी गोंधळली. "मला तर आठवत नाही."

"आंटी हल्ली विसरते," वॉरेन म्हणाला. तो पास्कलच्या भावाचा मुलगा. सणाला आला, शनिवारी पुण्याला परतला, हार गेल्याचं कळताच पुन्हा आला. "तिला एकटीला ठेवणं आता बरोबर नाही."

मेबलनं मान खाली घातली.

"कार्ड कुठे मिळालं?"

"कॅमेऱ्यात. सोमवारी मीच काढलं, लॅपटॉपला लावलं. हिला विचारा, ही समोर होती."

"होय. माझ्यासमोरच काढल्यानी," शेवंती म्हणाली. "पण रविवारी मी हार बघितलाच नाय, बाई."

लॅपटॉपवर फोटो स्वच्छ होता. मूर्ती, हार, कोपऱ्यात रविवारची तारीख.

"कॅमेरा चालू करून पाहिलात?"

"बॅटरीच नाही त्यात."

"ती डब्यात असते," मेबल पुटपुटली. "पास्कल सांगायचा, काम झालं की काढून ठेव. सणाला कशीबशी बसवली, कशीबशी काढली."

बिस्किटांच्या डब्यातून बॅटरी निघाली. फुगलेली. आता ती खाचेत जाईना.

नम्रता सगळं घेऊन तशी बॅटरी शोधायला दादरला गेली. पहिल्या दुकानात हसले. दुसऱ्यात म्हणाले, "मॅडम, मोबाईल घ्या." तिसरं दुकान धनेशचं, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याचं.

"कंपनीनं ही बॅटरी कधीच बंद केली. ही दुसऱ्या कंपनीची बघा. माप जुळतं, व्होल्ट जुळतात." त्यानं ती सरकवली. स्क्रीन उजळला आणि तारीख विचारू लागला. पुढे आधीच लिहिलं होतं, १ जानेवारी २००५.

"हे काय?"

"बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की आतलं घड्याळ पुसलं जातं. तुम्ही तारीख भरली नाही तर तो हीच धरतो."

नम्रतानं वॉरेनचं कार्ड पुढे केलं. धनेशनं ते घातलं. कॅमेऱ्यानं नाकारलं.

"बत्तीस जीबी? याला दोनच्या वर झेपत नाही." मग स्वतःशीच कुरकुरत त्यानं खण उपसून एक जुनं दोन जीबीचं कार्ड शोधलं.

संध्याकाळी सगळे पुन्हा बैठकीत जमले, या वेळी दाराशी हवालदारही होता.

"आंटी, सणाला काढता तसाच एक फोटो काढा."

मेबलनं कॅमेरा सुरू केला. "हे काहीतरी विचारतं. पास्कल भरायचा. मी नुसतं ओके दाबते." तिनं फोटो काढला.

कोपऱ्यात उमटलं, १ जानेवारी २००५.

"आता भिंत बघा," नम्रता म्हणाली. "पास्कल गेल्यापासूनच्या प्रत्येक सणाला हीच तारीख."

ती वॉरेनकडे वळली.

"तुमचं कार्ड हा कॅमेरा घेतच नाही. मग त्यावर यानं फोटो कसा काढला?"

"मी... जुन्या कार्डावरून कॉपी केला असेल."

"म्हणजे जुनं कार्ड तुमच्याकडे आहे. सकाळी सांगितलंत, कॅमेऱ्यात हेच होतं." नम्रतानं आवाज चढवला नाही. "बरं, कॉपी धरू. तरी फोटो याच कॅमेऱ्याचा हवा, आणि याला रविवार ठाऊकच नाही. शुक्रवारी आंटींनी फोटो काढला. शनिवारी तुम्ही हार आणि कार्ड दोन्ही नेलंत. चोरी तुम्ही गेल्यानंतरची वाटायला हवी होती. फोटोवर २००५ दिसलं, ते पुसून रविवार घातलात. सोमवारी नवं कार्ड गुपचूप आत सरकवलं आणि शेवंतीसमोर बाहेर काढलं. बॅटरी सापडली नाही, म्हणून लावून बघता आलं नाही. भिंतीकडे बघता आलं असतं."

"आंटी खरंच विसरते," वॉरेन म्हणाला.

"हार कुठे आहे?"

"भायखळ्याला. सोनाराकडे गहाण. अजून मोडला नाही."

हवालदार त्याला घेऊन गेला. नम्रतानं कॅमेरा हातात घेतला. "आंटी, तारीख नीट लावून देऊ?"

"राहू दे." मेबल दाराकडे वळली. "शेवंती, रविवारी मी हार घातला नव्हता ना गं?"

"नाय, बाय. तुमी काय एक इसरला नाय."

मेबलनं बॅटरी काढली आणि डब्यात ठेवली.