चाळीस क्रमांकाचा पुडा

सातव्या टाकीचं झाकण उघडलं आणि ऋजुता सबनीसने रुमाल नाकाशी धरला. आतली कातडी दिसायला देखणी होती. गव्हाळ, एकसारखी, कुठे सुरकुती नाही की डाग नाही. पण वास कुजक्या अंड्यांचा, आणि त्या अंड्यांवर कुणीतरी नासलेली कोळंबी ओतावी तसा! पंधरा दिवस तो वास प्रयोगशाळेत मुरला होता. माणसं डबा घेऊन जिन्यात बसत, आणि तिथेही पहिला घास पोटात राहील याची खात्री नसे.

मिरजेतली ही 'सुत्वच' प्रयोगशाळा भाजलेल्या रुग्णांसाठी टाकीत कातडी वाढवत असे. चार दिवसांत हातभर कातडी तयार होई. रस्त्यापलीकडच्या रुग्णालयात अक्काताई शिरगावे या कातडीची वाट पाहत होत्या. गुऱ्हाळावर उकळती काकवी सांडून त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत सोलून निघाला होता. आदल्या दिवशी त्यांच्यासाठी आणलेला तुकडा हुंगून त्या कडाडल्या होत्या, "मढ्यावानी घाण मारतंय की ओ हे! हे माझ्या हाताला लावता व्हय? त्यापरीस हात तसाच उघडा ऱ्हाऊ दे."

अक्काताईंच्या शल्यचिकित्सक डॉ. तस्नीम मुल्ला म्हणूनच आज स्वतः आल्या होत्या.

"जखम फार दिवस उघडी ठेवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "हा वास येतो कुठून ते मला कळेल असं सांग."

ऋजुताने त्यांना पडद्यासमोर बसवलं. "आम्ही पेशींसाठी प्रोग्रॅम लिहितो, पेशीभाषेत. पण सगळं स्वतः लिहीत नाही. तयार पुडे मिळतात. एक पुडा पेशींना एकमेकींना चिकटायला शिकवतो, एक रंग देतो. कातडी किती वाढायची आणि कुठे थांबायची हे सांगणारा पुडा म्हणजे त्वचासूत्र. हे पुडे कोठारातून आणून देणारी जी यंत्रणा असते, तिला आम्ही कोठावळा म्हणतो."

"आणि कोठार कुणाचं?"

"दोन आहेत. लोककोठारात जगभरची माणसं आपले पुडे ठेवतात. कुणीही न्यावेत, पैसे नाहीत. दुसरं आमचं खाजगी. कोठावळ्याच्या सेटिंगमध्ये आमच्या कोठाराच्या पत्त्यापुढे 'फक्त' असं लिहायला हवं होतं. तिथे 'शिवाय' लिहिलंय. म्हणजे तो दोन्हीकडे बघतो. एकाच नावाचा पुडा दोन्हीकडे दिसला, तर ज्याचा क्रमांक मोठा तो उचलतो. कुणी लिहिला, का लिहिला, असले प्रश्न त्याला पडत नाहीत."

"मग कुणी उचलून मोठा आकडा टाकला की झालं?"

"तेच झालंय. आमच्या त्वचासूत्राचा क्रमांक पाच. लोककोठारात त्याच नावाचा चार होता, पंधरा दिवसांपूर्वी तिथे एकदम चाळीस आला. सरळ माणूस चारानंतर पाच टाकतो. ही घुसखोरी आहे."

दारात संचालक अभिराम देशमाने येऊन उभे होते. अत्तर लावलेला रुमाल त्यांनी नाकावरून काढलाच नाही. "त्वचासूत्र हे नाव आपलं आहे," ते रुमालाआडून म्हणाले. "लोककोठाराला आजच्या आज तक्रार करा, सबनीस. कोठारप्रमुख तुम्ही, सही तुमची. आणि सेटिंग नीट करा. लोकांचं उष्टं आपल्या टाकीत नको मला."

ऋजुताला इथे येऊन वर्षच झालं होतं. नाव कुणाचं हे तिने विचारलं नाही. वासाने तिचं डोकं इतकं उठलं होतं की त्या घुसखोराचं नरडं धरायलाही ती तयार होती. सही तिने ठसक्यात केली.

मग दिवसभर बसून तिने लागणारे तीनशे बारा इतर पुडे लोककोठारातून खाजगी कोठारात आणले, एकेक तपासला, आणि 'शिवाय' पुसून 'फक्त' लिहिलं. कोठावळ्याने आधी आणून ठेवलेल्या चाळीस क्रमांकाच्या प्रतीही पुसल्या. टाक्या आम्लाने धुतल्या. चार दिवसांनी सातव्या टाकीचं झाकण उघडलं तेव्हा कसलाच वास आला नाही. कुणीतरी पेढे आणले. त्याच दुपारी डॉ. तस्नीमनी ती कातडी अक्काताईंच्या हाताला लावली. अक्काताईंनी नाक अगदी जवळ नेऊन हुंगलं आणि म्हणाल्या, "आता बरं हाय बगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोककोठाराचं उत्तर आलं. तक्रार आली त्याच दिवशी त्वचासूत्राचा चाळीस क्रमांक काढला आहे, लेखकाचं खातं बंद केलं आहे, लेखकाला दाद मागायची असल्यास तीस दिवसांनी सुनावणी होईल. काढलेल्या पुड्याची चिठ्ठी सोबत जोडली होती.

प्रत्येक पुड्यासोबत काय बदललं हे सांगणारी चिठ्ठी असते. या धंद्यात ती कुणी वाचत नाही. पुडा उघडून तपासतील, टाकी हुंगतील, पंधरा दिवस ओकाऱ्या काढतील, पण चिठ्ठी नाही वाचणार. ऋजुतानेही आज ती पहिल्यांदाच वाचली.

'नुकत्याच ठेवलेल्या चार क्रमांकात माझी चूक झाली. कातडी आठ दिवस उत्तम दिसते, मग थांबत नाही, आत वाढते आणि स्नायूत शिरते. टाकीत चार दिवसांत हे कळत नाही. मी तुकडा दहा दिवस ठेवला म्हणून दिसलं. लावल्यापासून सहा दिवसांच्या आत ती खरवडून काढता येते, त्यानंतर अवयव कापावा लागेल. चाळिसात दुरुस्ती आहे. दुरुस्तीमुळे गंधकाचा घाण वास येतो, तो आठवड्यात जातो, कृपया सोसावा. सुत्वचवाल्यांस: तुम्ही दर वेळी माझा पुडा उचलता, माझं नाव खोडता आणि एक आकडा वाढवता. तुमचा पाच म्हणजे माझाच चार. तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. तुमचा कोठावळा मोठा आकडा बघतो हे ठाऊक आहे, म्हणून एकदम चाळीस. यशवंत केळुसकर, निवृत्त शिक्षक, वेंगुर्ले.' खाली फोन नंबर होता.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हे देशमाने, आणि आपण त्यांच्या बिळाला दार लावून दिलं. ऋजुता चिठ्ठी घेऊन देशमान्यांकडे गेली.

त्यांनी ती शांतपणे वाचली. चूक आहे की नाही हेसुद्धा विचारलं नाही. "आठ दिवस उत्तम दिसते ना?" ते म्हणाले. "सातव्या दिवशी बाई घरी जाईल. पुढे काही झालंच तर जखम काकवीची होती. काकवीत काय काय असतं, कोण सांगणार?"

टाकीच्या वासाने इतके दिवस जे झालं नव्हतं ते या माणसाच्या खोलीत झालं. ऋजुता तोंडावर हात धरून बाहेर पळाली आणि बेसिनमध्ये ओकली. चूळ भरून तशीच रस्ता ओलांडून रुग्णालयात गेली.

डॉ. तस्नीमनी चिठ्ठी दोनदा वाचली. "आज दुसरा दिवस," त्या म्हणाल्या. "खरवडते. अक्काताईंना मी सांगेन. पण उघड्या हातावर लावायला चार दिवसांत चांगली कातडी हवी. चाळीस आण."

ऋजुताने तिथूनच वेंगुर्ल्याला फोन लावला. आपण कोण हे सांगितलं, सहीचंही सांगितलं.

"चाळीस माझ्या यंत्रावर आसा," केळुसकर मास्तर म्हणाले. "आत्ता धाडतंय. हातानं भरा तुमच्या कोठारात. त्या बाईचो हात वाचात."

"तुमचे उपकार कसे..."

"उपकार ऱ्हवांदेत. माका एक सांगा. कोठारातून चाळीस गेलो. मगे आता थंय सगळ्यांत मोठो आकडो खंयचो ऱ्हवलो?"

"चार," ऋजुता म्हणाली.

"आणि कोठावळो काय उचलता?"

ज्याचा क्रमांक मोठा तो, हे तिनेच डॉ. तस्नीमना समजावून सांगितलं होतं.

"माझो पुडो वापरणारी दोनशे अकरा इस्पितळां," मास्तर म्हणाले. "कुणीच चिठ्ठी वाचणा नाय. माझां खातां बंद. मी काय ठेवूक शकनंय नाय. तुमका यादी धाडतंय. तुमी फोन करा, बाये. माझो कोण ऐकाचो नाय, मी आता लबाड."

यादी आली. तिने पहिला नंबर लावला, सोलापूरचा. टाकीविभागातला माणूस सुत्वचचं नाव ऐकताच खूश झाला.

"मॅडम, तक्रार तुम्हीच केली होती ना? आमच्या सगळ्यांच्या वतीनं आभार! कालच नव्या टाक्या उघडल्या. वासाचं नाव नाही. दोन आठवडे पेशंट कातडी लावूनच घेईनात. आज सकाळपासून नऊ जणांना लावली. कुणी नाक मुरडलं नाही."