एअरपोर्टच्या बसमधली मागची सीट

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर नका मानू, माझा आग्रह नाही. पण जिच्या बाबतीत घडली ती माझी मावसबहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताई भुताखेतांना भीक घालणारी बाई नव्हे. ही हकिकत तिने मला एकदाच सांगितली, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

आणखी एक. अशा गोष्टी रात्रीच घडतात असं म्हणतात.

ही भर दुपारी घडली. बाहेर रखरखीत ऊन होतं, बस माणसांनी भरलेली होती...

आधी ताईच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका बस ड्रायव्हर होते. विमानतळ ते शहराचा मुख्य चौक, या एकाच रस्त्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. त्या रस्त्यावर उड्डाणपूल उतरला की एक मोठं वळण आहे. तिथे उभी माणसं हमखास एकमेकांच्या अंगावर जातात. म्हणून वळणाच्या आधी काका शेजारच्या लोखंडी दांड्यावर बोटातली अंगठी आपटायचे.

टक्... टक्.

म्हणजे सांभाळा, धरून उभे राहा. ताई लहानपणी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मागच्या सीटवर बसून दिवसभर फेऱ्या मारायची. तो आवाज तिच्या कानात पक्का बसलेला.

रिटायर झाल्यावर काकांना एकच काम उरलं. ताईला घ्यायला विमानतळावर जायचं. ताई मोठ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, महिन्या-दोन महिन्यांनी कुठेतरी उडणार. परतली की काका दारात हजर. अंगात नोकरीतलं ते निळं जाड जॅकेट, उन्हाळा असो की पावसाळा. जॅकेटचं वरचं बटण कधीतरी तुटलेलं आणि मावशीने हाताशी सापडलं ते लाल बटण लावलेलं. ताई दिसली रे दिसली की अख्खं विमानतळ ऐकेल अशा आवाजात ओरडायचे,

"ढब्बू, इकडे!"

ताई लहानपणी गुबगुबीत होती, त्यात तिचा काय दोष. एकदा ऑफिसच्या चारचौघांसमोर ही हाक ऐकू आली. पुढे महिनाभर ऑफिसात कुणी ना कुणी हळूच 'ढब्बू' म्हणून जायचं. बरं, टॅक्सीचं नाव काढलं की काकांचा चेहरा पडायचा. त्यांच्या बसनेच यायचं. आणि बसमध्ये चढल्या चढल्या ड्रायव्हरला सांगायचं, "ही आमची मुलगी बरं का."

ताईला लाज वाटायची. तिनेच तो शब्द वापरला, मी नाही.

त्या वेळी तिच्यासोबत तिचे साहेब येणार होते. बढतीचं सगळं त्यांच्या हातात. विमान दुपारी उतरणार, तिथून दोघांनी थेट शहरात चौकातल्या हॉटेलात मीटिंगला जायचं. ताईने दोन दिवस आधी फोनवर काकांना सांगितलं, "बाबा, मी संध्याकाळी पोचतेय."

म्हणजे काका संध्याकाळी निघणार. तोवर साहेब आपल्या वाटेला गेलेले असणार. मग ती परत विमानतळावर जाऊन दारातून बाहेर आल्यासारखं करणार होती. एका खोट्यासाठी केवढा आटापिटा.

काका म्हणाले, "ये. मी आहेच."

विमान वेळेवर उतरलं. ताईने फोन चालू केला नाही. चुकून बाबांचा फोन आला आणि लागला, तर खोटं उघडं पडायचं. तो तसाच पर्समध्ये पडून राहिला.

बाहेर आल्यावर कळलं की टॅक्सीवाल्यांचा संप आहे. कंपनीची गाडीही रस्त्यात कुठेतरी अडकलेली. साहेब साधा माणूस होता. समोर उभ्या बसकडे बघून म्हणाले, जाऊ की हिनेच.



तीच बस. तोच रस्ता. पण करते काय? तिने गॉगल चढवला, डोक्याला स्कार्फ गुंडाळला आणि चढली. ड्रायव्हर नवा होता, तिला ओळखत नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. घाईघाईत तिने बॅग दाराजवळच्या सामानाच्या जागेत चाकांवर तशीच उभी केली. काकांनी बघितलं असतं तर रागावले असते. बॅग आडवी टाकावी, चाकं भिंतीकडे करावीत, नाहीतर वळणावर ती बसभर फिरते, हे त्यांनी तिला शंभरदा सांगितलेलं.

ताई आणि साहेब दाराजवळच्या आडव्या सीटवर बसले. तिथून डावीकडे मान वळवली की मागची सगळी बस दिसते.

बस सुटली. मालाची गोदामं गेली, मग उड्डाणपूल आला. साहेब मीटिंगबद्दल बोलत होते, ताई हो ला हो करत होती. बस उतरणीला लागली...

टक्... टक्.

ताई दचकली.

आवाज ड्रायव्हरकडून आला नव्हता. मागून आला होता.

बस वळली. उभी माणसं कलंडली. ताईची बॅग चाकांवरून सुटली आणि मधल्या वाटेतून थेट मागे घरंगळत गेली. ती उठणार तेवढ्यात बॅगेचा आवाज थांबला. कुठे आपटली नाही. कुणी ओरडलं नाही. कुणीतरी हाताने धरावी तशी थांबली...

मग ती आडवी टाकल्याचा आवाज आला. हळू, नीट.

 तेव्हा ताईच्या मनात भूतबीत काही आलं नाही. तिला वाटलं, आपली चोरी पकडली गेली. बाबांना कुठूनतरी विमानाची खरी वेळ कळली. ते लवकर आले, आणि आता आपल्याच बसमध्ये मागे बसलेत. आता हाक येणार. साहेबांसमोर.

ती समोरच्या खिडकीकडे बघत राहिली. मान ताठ.

हाक आली नाही.

थोड्या वेळाने साहेब तिच्याकडे झुकले. "मागच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ आहेत. तुमची बॅग धरून बसलेत. केव्हापासून तुमच्याकडे बघून हसतायत. ओळखीचे आहेत का?"

ताईने विचारलं, कसे आहेत दिसायला. मान न वळवता विचारलं.

"निळं जॅकेट आहे. एवढ्या उन्हात. वरचं बटण लाल."

आता मान वळवायची आणि म्हणायचं, माझे वडील आहेत. एवढंच तर करायचं होतं. ताई मला म्हणाली की तो शब्द तिच्या जिभेवर आला होता. मग तिला ते 'ढब्बू' आठवलं, ऑफिसातलं हसणं आठवलं, बढती आठवली.

ती म्हणाली, "नाही. मी नाही ओळखत त्यांना."

बस त्या वेळी सिग्नलला थांबलेली. सगळं शांत. तिचं बोलणं शेवटच्या सीटपर्यंत सहज गेलं असणार...

 

सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर उतरायची बेल वाजली. मोठ्या हॉस्पिटलचा थांबा होता. ड्रायव्हरने बस थांबवली, मागचं दार उघडलं. दार बराच वेळ उघडं राहिलं. ड्रायव्हर आरशात बघून कुरकुरला, बेल मारतात आणि उतरत नाहीत. त्याने दार लावलं.

साहेब म्हणाले, "उतरले बिचारे."

आणि ताईला हायसं वाटलं.

हे सांगताना ती माझ्यासमोर रडली. हो, हायसं वाटलं तिला. चला, सुटलो एकदाचे. संध्याकाळी घरी जाऊन बाबांची समजूत काढू, ते काय आपलेच आहेत, असं ती मनाशी म्हणाली.

चौकात बस रिकामी झाली. ताई बॅग आणायला मागे गेली. शेवटच्या सीटपाशी बॅग आडवी टाकलेली होती. चाकं भिंतीकडे, मूठ वाटेकडे. सीटकडे न बघताच तिने ती उचलली. तिने उतरता उतरता ड्रायव्हरला सहज विचारल्यासारखं विचारलं, मागे ते निळ्या जॅकेटवाले बसले होते ना?

ड्रायव्हर म्हणाला, "मागची सीट आज रिकामीच होती, बाई. तिची गादी निघालीय. कुणी बसूच शकत नाही तिथे."

तिने वळून बघितलं. खरंच, नुसता लोखंडी सांगाडा होता...

ती तरीही मीटिंगला गेली. बसली, बोलली, हसलीसुद्धा. मन सांगत होतं की फोन लाव. पण फोन चालू केला तर कळणार की ती उतरलीय. संध्याकाळ होईपर्यंत तो फोन बंदच राहिला.

चालू केला तेव्हा मावशीचे निरोप एकापाठोपाठ एक येत गेले.

काका त्या दिवशी सकाळीच पडले होते. संध्याकाळी मुलीला घ्यायला जायचं म्हणून जॅकेटला इस्त्री करत होते, तिथेच कोसळले. त्यांना त्याच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दिवसभर ते बेशुद्ध होते, पलंगावर, नळ्या लावलेले. जॅकेट घरी टेबलावर होतं, अर्धी इस्त्री झालेलं.

ताई धावत हॉस्पिटलला पोचली. काका तासाभरापूर्वी गेले होते. चौकापासून हॉस्पिटल काही लांब नाही. ते गेले तेव्हा ताई हॉटेलात बसून साहेबांच्या बोलण्यावर मान डोलावत होती.

मावशी बाकावर बसलेली. ताईचा हात धरून म्हणाली,

"दुपारी एकदाच डोळे उघडले गं त्यांनी. म्हणाले, ढब्बू पोचली. मी म्हटलं, अहो, ती अजून विमानात आहे. तर म्हणाले, नाही, मी आत्ताच भेटून आलो. साहेब होते तिच्याबरोबर. मला ओळखत नाही म्हणाली..."

ताईला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

"मी गप्प करायला लागले तर मलाच म्हणतात, असू दे. मोठ्या माणसासमोर कसं सांगणार ती. तू तिला काही बोलू नकोस. एवढं बोलले आणि परत डोळे मिटले. शेवटी शेवटी भ्रम झाला होता त्यांना." मावशीने डोळे पुसले आणि विचारलं, "तू विमानातच होतीस ना गं तेव्हा?"

ताई म्हणाली, "हो, आई."

ते तिसरं खोटं.

पुढे काही दिवसांनी साहेब भेटायला घरी आले. ताईने आज नको, उद्या नको करून टाळलं होतं, पण ते न सांगताच आले. भिंतीवर काकांचा फोटो होता. निळं जॅकेट, वरचं बटण लाल. साहेब फोटोसमोर उभे राहिले. 

मावशीने चहा दिला आणि आल्यागेल्याला सांगायची तीच हकिकत त्यांनाही सांगितली. साहेब होते बरोबर, हेसुद्धा सांगितलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. 

साहेबांनी कप खाली ठेवला. ताईकडे बघितलं. मग मावशीला म्हणाले, "भ्रमच असेल. शेवटच्या वेळी होतं असं."

ताई त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. त्यांनी बूट घातले. मग हळूच, मावशीला ऐकू जाणार नाही असं विचारलं,

"मला तर ते स्पष्ट दिसत होते. तुम्हाला नव्हते का दिसले?"

ताईने त्यांच्यासाठी दार उघडलं. 

काका जिवंतपणी बसमध्ये कसे आले, सांगाड्यावर कसे बसले, साहेबांनाच का दिसले, यातलं मला काहीच कळलेलं नाही. ताईलाही नाही. मावशी आजही म्हणते, भ्रम होता. ताई आजही मान डोलावते. पण त्या दुपारचा विषय निघाला की तिची मान ताठ होते, डोळे समोरच्या भिंतीवर खिळतात, आणि डावीकडे कुणी बसलेलं असलं तरी ती तिकडे बघत नाही.

तिला वडील दिसले असते की नाही, हे तिला कधीच कळणार नाही. तिने मान वळवलीच नव्हती.